होडीचा पोळा

वाशीमकडे मुलांना होडी शिकवायला चाललो आहे, असं मी आमच्या पुण्याच्या शाळेत सांगितलं, तेव्हा कोणी हसलंसुद्धा नाही. भूगोलाच्या मास्तरांनी भिंतीवरचा नकाशा काढला, टेबलावर पसरला आणि समुद्र कुठे आणि वाशीम कुठे ते छडीनं दाखवलं. मग त्यांनी मला चहा पाजला. एरवी ते कोणाला चहा पाजत नाहीत.

झालं होतं असं. वाशीमच्या पलीकडे एका खेड्यात मिशनची शाळा आहे. तिकडच्या चर्चनं मुलांच्या ‘उघड्यावरच्या शिक्षणा’साठी मदत मंजूर केली होती. तंबू ठोकणं, रानात हिंडणं, पोहणं आणि होडी वल्हवणं, हे सगळं त्यात होतं. तंबू आले, होडीही आली; शिकवणारा मात्र येईना. मी स्काउटचा मास्तर, जन्मानं वेंगुर्ल्याचा, त्यात माझ्या मामाची खाडीवर माणसं पलीकडे नेणारी तर चालायची. माझं नाव कोणी सुचवलं ते मला अजून कळलेलं नाही, कळलं तर मी त्याला सोडणार नाही. नाबर मास्तर रजेवर मोकळेच आहेत, असं परस्पर ठरलं आणि श्रावण संपता संपता मी निघालो.

कारंज्याच्या पुढे

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसावं लागतं. ही गाडी कारंज्याला जाते आणि तिला घाई नसते. शेजारच्या बाईंनी मला भाकरी, ठेचा आणि अंबाडीची भाजी खाऊ घातली. तो ठेचा खाऊन मी इतकं पाणी प्यालो की त्यांना वाईट वाटलं. “तुमच्या इकडे तिखट भेटत नाई काय?” असं त्यांनी अगदी मायेनं विचारलं. आमच्याकडे आमटीत गूळ घालतात हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

हा मुलूख नुकताच मध्यप्रदेशातून निघून आमच्या मुंबई राज्यात आला होता. तरीही कारंज्याला ज्यानं ज्यानं माझं गाव विचारलं, त्यानं त्यानं ‘मंग तुमी मुंबई राज्याचे’ असंच म्हटलं, जणू तो स्वतः अजून विचारात होता. तिथून इंझोरीपर्यंत मोटार मिळाली, आणि इंझोरीहून पुढे शाळेची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी. दोन्ही बाजूंना कपाशी आणि ज्वारी, जमीन काळीभोर, आणि चिखल असा की दमणीतून उतरलो तेव्हा माझी एक वहाण तिथेच राहिली. दमणीवाल्यानं ती काढायचा प्रयत्नही केला नाही. “निघन उन्हाळ्यात,” तो म्हणाला.

गव्हाण

शाळेचे हेडमास्तर योहान सरोदे दारातच उभे होते. हेच तिथले पाद्रीही. उंच, सडपातळ, चेहऱ्यावर सतत काहीतरी मोजत असल्याचा भाव. हात धुतल्याबरोबर मी म्हटलं, “होडी दाखवा.” ते जरा घुटमळले. मग मला गोठ्यात घेऊन गेले.

होडी गोठ्यात होती. तिच्यात कडबा होता, आणि दोन बैल तिच्यात तोंड घालून शांतपणे खात होते. एका टोकाला कोंबडी अंड्यांवर बसली होती, ती माझ्यावर ओरडली. होडी आली होती भर उन्हाळ्यात, तळं कोरडं ठणठणीत असताना. अंगणात पडून राहिली, तर लाकूड वाळून फळ्यांच्या फटी उघडल्या. इतकी लांब, खोल, लाकडाची वस्तू रिकामी पडलेली शेतकऱ्यांच्या गावात कोणाला बघवेल? महिन्याभरात तिची गव्हाण झाली.

“तुम्हाला राग आला असेल,” सरोदे म्हणाले. “पण आमच्या येशूला जन्मल्यावर गव्हाणीतच निजवलं होतं. आमच्यात गव्हाण होणं काही कमीपणाचं नाही, मास्तर.”

मी कोंबडी उचलली.

जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. मिशनच्या मोठ्या बाई, म्हणजे या सगळ्या शाळांवर देखरेख करणाऱ्या मडमबाई, पोळ्याच्या दिवशी येणार होत्या. शाळेला सुट्टी, सगळी मुलं मोकळी, म्हणून तोच दिवस ठरला होता. मुलं पाण्यावर दिसली तर होडी राहणार आणि दरवर्षीची मदतही. नाही दिसली तर होडी उचलून मोठ्या तलावाकाठच्या दुसऱ्या शाळेला जाणार.

“गेली तर गेली,” मी म्हणालो. “बैलांची सोय तुम्ही दुसरी कराल.”

सरोदे भाकरी मोडत होते, ते थांबले. ते इथे आले त्या पहिल्याच पावसाळ्यात, शाळा सुटल्यावर नाल्याला पूर आला आणि नामदेव नावाचा त्यांचा एक विद्यार्थी त्यात गेला. सरोदे काठावर होते. “मला पोहता येत नाही, मास्तर. मी त्याला नावानं हाका मारत होतो. दुसरं काय करणार!” तेव्हापासून नाल्यापलीकडच्या वाड्यांवरचे लोक पावसाळाभर मुलांना शाळेत पाठवतच नव्हते. आणि आभाळ भरून आलं की सरोदे वर्गावर्गात जाऊन मुलं मोजत. ते मोजणं मी नंतर रोज पाहिलं. होडीबद्दल मी पुन्हा काही वेडंवाकडं बोललो नाही.

शेंदूर

दुसऱ्या दिवशी होडी तळ्याच्या पाळीवर आणली आणि कामाला लागलो. फटी बुजवायला कापूस हवा, तो वऱ्हाडात मागायची गरज नाही, लोकांनी पोतंभर आणून टाकला. आमच्याकडे वर राळ लावतात. इंझोरीच्या दुकानदाराला राळ म्हणजे काय ते समजावण्यात माझी सकाळ गेली. शेवटी मला आठवलं की मामा कधीकधी शेंदूर आणि जवसाचं तेल कालवून तो लेप फटींत भरायचा, आणि तो पाण्याला दाद देत नसे. जवसाचं तेल तिथे घरोघरी. शेंदूर दुकानात डबाभर होता. दुकानदारानं आदरानं विचारलं, “मोठा मारुती हाये काय जी?” मी घाईत ‘हो’ म्हणून गेलो.

संध्याकाळपर्यंत मी होडी आतून-बाहेरून लिंपून काढली. लेप उरला म्हणून तळालाही दोन हात दिले. मावळतीच्या उन्हात ती झगझगीत केशरी दिसत होती. मी स्वतःवर फार खूश होतो.

सकाळी पाळीवर गेलो तर होडीपुढे नारळ, उदबत्त्या आणि वीसेक माणसं. एक म्हातारी तिला प्रदक्षिणा घालत होती. सगळ्यांच्या पुढे महादेव पाटील, गावातले मोठे शेतकरी, डोक्यावर पांढरा फेटा, हात जोडलेले. त्यांची नात गुंफा शाळेत चौथीला होती. तिनंही हात जोडले होते, पण एका डोळ्यानं ती माझ्याकडे बघत होती.

“पाटील, ही होडी आहे,” मी म्हणालो. “मुलांनी हिच्यात बसायचं आहे.”

“बसाचं?” पाटील दचकले. “शेंदूर लागला त्याले, मास्तर. पाय कसा ठेवाचा? तुमी मारुतीच्या डोक्यावर बसता काय?”

मी त्यांना आमच्याकडची नारळीपौर्णिमा सांगितली. होडीला नारळ वाहायचा, नमस्कार करायचा आणि त्याच पायानं आत चढायचं. लोकांनी नीट ऐकून घेतलं. मग एकजण हळहळून म्हणाला, “तिकडे नारळ सस्ते आसन, म्हनून.” शेंदूर खरवडून काढतो म्हटलं, तर म्हातारी आडवी झाली.

एवढ्यात सरोदे धावत आले. मिशनच्या होडीपुढे उदबत्त्या! त्यांचा चेहरा पाहून मला खरंच भीती वाटली. पण ते शेतकऱ्याचेच पोर होते, त्याच भागातले. त्यांनी धाप आवरली आणि पाटलांना वऱ्हाडीत विचारलं, “पाटील, पोळ्याले तुमी बैल पुजता का नाई? त्याच्या पाया पडता का नाई?”

“पडतो.”

“मंग दुसऱ्या दिवशीची कर झाली का त्याच बैलाले वखराले जुंपता का नाई?”

“जुंपतो.”

“मंग हे बैलच समजा. लाकडाचा हाये, येवढंच.”

पाटील होडीभोवती एक फेरी मारून आले. तिच्यातच गावच्या बैलांनी उन्हाळाभर कडबा खाल्लेला, त्यामुळे नातं तर होतंच. “हे मातर पटलं,” ते म्हणाले. लोकांनीही माना हलवल्या. उदबत्त्या विझल्या, नारळ फोडून खाल्ला. सरोदे माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. परीक्षेत पहिला आलेला मुलगा असाच बघतो.

मी मुलांना हाक मारली. गुंफा धावत पुढे आली, तिनं पाय उचलला, आणि पाटलांनी तिची वेणी धरली.

“थांब वं. नवा बैल हाये. आधी पूजा, मंग जू. पूजा पोळ्याले.”

“म्हणजे पोळ्याच्या दिवशी बसता येईल?” मी विचारलं.

पाटलांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. “पोळ्याले बैलाच्या खांद्यावर जू ठेवत असते काय कोनी? तुमी कुठचे म्हनले?”

सरोद्यांचे डोळे चमकायचे थांबले. युक्तिवाद त्यांचाच होता, मागे घेता येत नव्हता. मागे घेतला असता तर होडी पुन्हा देव झाली असती.

हात चालतो

पोळ्याला काही दिवस राहिले होते आणि होडीत पाय ठेवायचा नाही. मी पाटलांना विचारलं, पाण्यात सोडलेली चालेल का? चालेल, बैलाला धुतातच. हात लावलेला चालेल का? बैलाला हात तर लावावाच लागतो. मग मी होडी काठाजवळच्या उथळ पाण्यात सोडून बांधली. लाकूडही फुगायला हवंच होतं. मुलांना पाण्यात उतरवलं, हातांनी होडीची कड धरायला लावली आणि पाय झाडायला सांगितले.

वल्हवणं शिकवायला आलेला मी, रोज सकाळ-संध्याकाळ एवढंच शिकवलं: होडी धरून कसं तरंगायचं. पालथी करून धरली तरी ती बुडत नाही, हे दाखवलं. कोणाचा हात सुटला तर दुसऱ्यानं त्याची कॉलर कशी धरायची, तेही शिकवलं. पालथी केली तेव्हा पाटलांनी विचारलं, “हे काय चालवलं?” मी म्हटलं, बैल लोळतो की नाही धुताना? त्यांना तेही पटलं. माझीही आता प्रगती होत होती.

वल्ही मुलं पाळीवर बसून हवेत मारत. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघत आणि पुढे जात. गुंफा तिच्या रांगेची म्होरकी झाली. तिच्यापेक्षा थोराड पोट्ट्यांना ती “नीट मार, मिरचीले पानी देऊन नाई राह्यला!” असं दटावत असे. सरोदे पाळीवर उभे असत. पाण्यात मात्र ते घोट्यापर्यंतसुद्धा उतरले नाहीत. मुलं बाहेर आली की मोजत, आणि मोजून झाली की पुन्हा एकदा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. हळद आणि लोणी लावून चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. आमच्या कोकणात बैलाला इतका मान नाही. आमच्या बैलाला असं आवतण दिलं तर तो घाबरेल. पाटील लोण्याची वाटी घेऊन होडीकडेही आले. होडीचा खांदा कुठे, असा प्रश्न पडला. बराच विचार होऊन वल्हं अडकवायच्या कड्यांवर लोणी चोळलं. इतके दिवस नुसता हात लागला तरी त्या कड्या किंचाळत होत्या, त्या गप्प झाल्या. मग पाटलांनी वाकून तिला सांगितलं, उद्या जेवायला या.

पोळा

सकाळी पेच पडला. होडी पोळ्याच्या रांगेत न्यायची, पण गाडीला जुंपायला बैल नाही, सगळे सुट्टीवर. शेवटी माणसांनीच खांदा दिला. वल्ही टोकाला उभी बांधून त्यांची शिंगं केली, शिंगांना रंग आणि बेगड. झूल म्हणून सरोदेबाईंची नवी चादर गेली. त्या खिडकीतून बघत होत्या.

आखरावर, म्हणजे गावकडेच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याखाली जोड्या उभ्या होत्या, घुंगरं वाजत होती, लोक एकमेकांना चिडवत झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणत होते. होडी पाटलांच्या जोडीशेजारी. पलीकडचा बैल सारखा तिच्यात तोंड घालून कडबा शोधत होता. त्याच वेळी मोठ्या बाईंची जीप येऊन थांबली.

बाई चांगल्या धिप्पाड, डोक्यावर टोपी, वऱ्हाडात राहून केस पांढरे झालेले. बोलत त्या अस्सल तिथल्यासारख्या.

“सरोदे, नाव कुठं हाये?”

सरोद्यांनी बैलांच्या रांगेकडे बोट केलं. बाईंनी बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. शिंगं, झूल, शेंदूर, आणि शेजारच्या बैलाचं तोंड.

“थे पान्यात काहून नाई?”

सरोद्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला लागलो, तर शेंदुरापर्यंत येऊन माझाच धागा तुटला. मग पाटील पुढे झाले, फेटा सारखा केला आणि म्हणाले, “बाई, आज त्याले सुट्टी हाये.”

होडी गेली असं मी मनाशी धरलं. सरोद्यांनी तर डोळेच मिटले होते.

“आमच्या शास्त्रातबी तेच सांगतलं हाये,” बाई म्हणाल्या. “हप्त्यातून एक दिवस मानसानं काम कराचं नाई, आन् बैलालेबी करू द्याचं नाई.”

पाटील जवळ आले. “बैलाचं नाव घेऊन सांगतलं?”

“नाव घेऊन.”

“मंग तुमचा देव वावरातला मानूस दिसते,” पाटील म्हणाले, आणि त्यांनी बाईंना पहिल्यांदाच नीट नमस्कार केला.

बाईंनी जीपमधून सामान उतरवायला सांगितलं. आज पोळा, तर उद्या बघू. पण उद्या मात्र मुलं पाण्यावर दिसायला हवीत, असं त्यांनी सरोद्यांना बजावलं. दुपारी पाटलांकडे जेवलो. पुरणपोळी, कढी, वडे, आणि पोळीवर तूप इतकं की पोळी शोधावी लागे. होडीच्या नाकाडालाही पोळी ठेवली होती. ती त्याच बैलानं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी

दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा, पोरांचा. पोरं आपापले लाकडी बैल ओढत मिरवतात. त्यामुळे लाकडी होडी त्या दिवशी पोरांचीच, हा निकाल पाटलांनी आपण होऊन दिला आणि गुंफेला स्वतः उचलून आत बसवलं. तिच्यामागे बाकीची चढली. पाळीवर सारं गाव, आया पदर तोंडात धरून. नाल्यापलीकडचे लोकही आले होते, आपली मुलं घट्ट धरून.

मी काठावरून हुकूम दिला. होडी सुटली. खरंच सुटली, सुरेख, लोण्यातून निघाल्यासारखी. उजव्या बाजूला थोराड पोट्टे बसल्यामुळे ती गोल गोल फिरत राहिली, पण पाण्यावर होती. टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या.

टाळ्या ऐकून सगळी मुलं एकदम उभी राहिली. होडीत उभं राहायचं नसतं, हे शिकवायचं माझ्या हातून राहून गेलं होतं. ती कधी आत बसलीच नव्हती, तर उभं राहण्याचा प्रश्न कुठून येणार! होडी एका अंगावर गेली आणि पालथी झाली.

पाळीवर एकच आक्रोश उठला. मी सदरा काढेपर्यंत माझ्या बाजूनं एक माणूस धावत पाण्यात गेला. सरोदे. अंगात कोट, पायात बूट. ते “नामदेव! नामदेव!” असं ओरडत होते. छातीपर्यंत गेले, मग हनुवटीपर्यंत, मग दिसेनासे झाले.

इकडे मुलं वर आली होती. रोजच्यासारखीच. केशरी तळाच्या दोन्ही कडांना ओळीनं हात धरून पाय झाडत होती, आणि एकदोघं हसतही होती. गुंफेनं बुडबुडे पाहिले. “सर थे तिकडे गेले, वळवा!” असं ती ओरडली आणि पालथी होडी पायांनी ढकलत सगळी रांग तिकडे वळली. मी पोचलो तेव्हा सरोद्यांची कॉलर तिच्या मुठीत होती आणि दोघा पोट्ट्यांनी त्यांचे हात होडीवर टाकले होते. मला धरायला फक्त पाय उरले.

त्यांना पाळीवर आडवं केलं. पाटलांनी त्यांची पाठ चोळली, ती बैलाची चोळतात तशी. मोठ्या बाई झगा गुडघ्यापर्यंत भिजवून उभ्या होत्या. होडी इथून कुठे जायची नाही, असं त्या मला दोनदा म्हणाल्या. नाल्यापलीकडचा एक माणूस आपल्या मुलाला पुढे करून, याला उद्यापासून घेता का, असं विचारत होता.

सरोद्यांना यातलं काही ऐकू जात नव्हतं. त्यांनी पाणी ओकलं, ते कोपरावर उठले आणि बोटानं समोरची ओली डोकी मोजायला लागले. मोजणी चुकली, पुन्हा सुरू केली, पुन्हा चुकली.

“सारे हायेत ना?” त्यांनी विचारलं.

गुंफा वेणी पिळत होती. “आमी सारेच हाओत, सर,” ती म्हणाली. “तुमीच एक कमी होते.”